समोरचा शॉकअप: ऑइल बदलायचं, स्प्रिंग टाकायची की क्लिकवाली गाडीच घ्यायची?

माझ्या मावसभावाने रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ विकायला काढली होती आणि कारण एकच, भंडारदऱ्याहून रतनवाडी-साम्रद करून येताना पुढचा शॉकअप दर दुसऱ्या खड्ड्यात खाडकन आपटत होता. त्यात त्याला कोणीतरी सांगितलं की या गाडीला समोर अॅडजस्टमेंटच नाही, केटीएम घे. मी म्हटलं विकण्याआधी एक रविवार मला दे. त्या रविवारी आम्ही जे मोजलं, पुढच्या दोन महिन्यांत जे बदलत गेलो आणि मधल्या काळात मित्राच्या केटीएम ३९० अॅडव्हेंचरवर (ही क्लिकवाली, म्हणजे स्क्रू एकेक क्लिक फिरवून शॉकअपची सेटिंग बदलता येणारी) जे कळलं ते सगळं इथे शेजारी शेजारी मांडतोय, कारण हाच प्रश्न पावसाळा संपला की नाशकातल्या प्रत्येक रायडरला पडतो आणि बहुतेक जण चुकीच्या गोष्टीवर पैसे घालतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, पुढचं सगळं तिच्यावरच आहे. फोर्कमध्ये, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या दोन पायांमध्ये, दोन वेगवेगळी कामं चालतात. स्प्रिंग ठरवते की गाडी किती खाली बसणार, आणि ऑइल म्हणजे डंपिंग ठरवतं की ती किती वेगाने खाली जाणार आणि किती वेगाने वर येणार. स्प्रिंगचं दुखणं जाड ऑइलने झाकायला गेलात की आपटणं थोडं कमी होतं पण हाताला गचके बसायला लागतात, आणि डंपिंगचं दुखणं स्प्रिंगने झाकायला गेलात तर गाडी उड्या मारते. म्हणून कुठलाही पर्याय निवडण्याआधी मोजायचं.

मोजायला मेझरिंग टेप, एक केबल टाय (फोर्कच्या पाईपवर बांधायचा, चालवताना फोर्क कुठपर्यंत दबला ते तो दाखवतो) आणि दोन माणसं लागतात. समोरचं चाक हवेत उचला म्हणजे फोर्क पूर्ण लांब होतो, डस्ट सीलपासून चकचकीत पाईपवर वरच्या टी पर्यंत (दोन्ही पाईप धरून ठेवणारा तुकडा) किती अंतर ते लिहा (४११ ला रबरी घडीचे बूट आहेत, ते वर सरकवावे लागतात, आणि ते सरकवल्यावर आत किती चिखल साचलाय तेही दिसतं). मग गाडी जमिनीवर सरळ धरून तेच अंतर, आणि मग तुम्ही पूर्ण गिअर घालून, हेल्मेट जॅकेट बूट आणि सामानासकट, पायरेस्टवर पाय ठेवून बसलेले असताना तेच अंतर, गाडी दुसऱ्याने धरायची. फोर्कमध्ये घर्षण असतं त्यामुळे एकदा दाबून हळू वर येऊ द्या आणि मोजा, एकदा उचलून हळू खाली बसू द्या आणि मोजा, दोन्हीची सरासरी घ्या. नुसत्या गाडीने जेवढं खाली बसलं तो फ्री सॅग आणि माणसासकट जेवढं बसलं तो रायडर सॅग. अॅडव्हेंचर गाडीला रायडर सॅग एकूण ट्रॅव्हलच्या (फोर्क जास्तीत जास्त जितका दबू शकतो त्याच्या) साधारण २५ ते ३३ टक्के चालतो, म्हणजे ४११ चा फ्रंट ट्रॅव्हल २०० मिमी तर ५० ते ६५ मिमी.

भावाचा आला ७८. फ्री सॅग ४०. म्हणजे गडी नुसता बसला तरी २०० पैकी ७८ मिमी संपलेले, ब्रेक दाबला की अजून गेले, आणि घाटात उतारावर ब्रेक दाबलेला असतानाच खड्डा आला तर उरलंय काय? आपटणारच. गाडी वाईट नव्हती हो, ती त्याच्या वजनासाठी लावलेलीच नव्हती.

आता पर्याय. सगळ्यात स्वस्त म्हणजे ऑइल बदलणं, एका फुल टँक पेट्रोलच्या आसपास खर्च, आणि मी म्हणेन की दुसरं काहीही करायचं असो हे आधी कराच. त्याच्या गाडीचं २२ हजार किलोमीटरला काढलं तेव्हा धुण्याच्या पाण्यासारखं राखाडी निघालं, त्यात डंपिंग कुठून राहणार. पण ऑइलमध्ये दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि गॅरेजमध्ये त्या एकत्र करतात. एक म्हणजे जाडी आणि दुसरी लेव्हल. जाडी वाढवली की कंप्रेशन (खाली जाताना अडवणं) आणि रिबाउंड (वर येताना अडवणं) दोन्ही एकदम वाढतात, एकच वाढवता येत नाही. ४११ सारख्या साध्या फोर्कमध्ये ऑइल ठरलेल्या भोकांमधून जातं, आणि भोकाचा स्वभाव असा की हळू हालचालीला ते पुरेसं अडवत नाही आणि झटक्याला एकदम जास्त अडवतं, म्हणून खूप जाड ऑइल टाकलेली गाडी ब्रेकवर जरा कमी वाकते पण धारदार दगडावर सगळा धक्का सरळ मनगटात. एक पायरी जाड, त्याच्या पुढे जाऊ नका. आणि डब्यावरच्या १०डब्ल्यू या जाडीच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, एका कंपनीचं १०डब्ल्यू दुसऱ्या कंपनीच्या ७.५ इतकं पातळ असू शकतं, डेटाशीटमध्ये ४० डिग्रीला सेंटिस्टोक (जाडी मोजायचं एकक) किती ते बघा, तुलना त्याच आकड्याने होते.

लेव्हलचं काम वेगळं. ऑइलच्या वर जी हवा कोंडलेली असते ती पण स्प्रिंगसारखीच वागते, जितकी कमी हवा तितकी शेवटच्या टप्प्यात घट्ट. लेव्हल ५-१० मिमी वर घेतली तर सुरुवातीचा मऊपणा तसाच राहतो आणि पार शेवटी आपटणं कमी होतं, म्हणजे ज्याचा सॅग बरोबर आहे पण मोठ्या खड्ड्यातच आपटते त्याच्यासाठी हा सगळ्यात चांगला आणि फुकटातला उपाय आहे. फक्त मोजायची पद्धत पाळा, स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, आणि वरच्या काठापासून खाली ऑइलपर्यंत. माझ्या स्वतःच्या गाडीत एका मेकॅनिकने अंदाजाने जास्तीचं ओतलं होतं, हवेला जागाच राहिली नाही, जव्हारच्या रस्त्यावर फोर्क अर्ध्यातच दगड झाला आणि दोन दिवसांत दोन्ही सील गळायला लागले. तेव्हापासून मी समोर उभा राहून मोजून घेतो आणि तुम्हीही घ्या.

दुसरा पर्याय स्पेसर, म्हणजे प्रीलोड. स्प्रिंगवर नळीचा एक तुकडा जास्तीचा टाकायचा, किंवा बाजारात फिरवता येणाऱ्या कॅप मिळतात त्या लावायच्या. इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे, प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते असं सगळे म्हणतात, नाही होत. स्प्रिंग तीच राहते, गाडी फक्त वर उचलली जाते. हिशोब साधा, १० मिमी स्पेसर तर सॅग जवळपास १० मिमी कमी. आम्ही १५ मिमीचा टाकला, रायडर सॅग ६३ वर आला आणि फ्री सॅग २५ वर, दोन्ही चांगल्या हद्दीत, आणि रतनवाडीच्या त्याच रस्त्यावर पुढच्या वेळी आपटणं दोन-तीनदाच झालं, त्याआधी मोजायचंच सोडून दिलं होतं आम्ही.

मग नवीन स्प्रिंग कोणी घ्यायची? त्याचं उत्तर फ्री सॅगमध्येच आहे. समजा तुम्ही स्पेसर टाकून टाकून रायडर सॅग ६० वर आणला पण आता नुसती गाडी १० मिमी पण खाली बसत नाही, तर समजायचं की ही स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊच आहे, तुम्ही तिला नुसतं दाबून ठेवलंय. अशी गाडी खड्ड्याच्या पलीकडे चाक खाली सोडत नाही, फोर्क वरच्या टोकाला टकटक वाजतो, उतारावर समोरचं चाक रस्ता सोडतं. गिअरसकट शंभरीच्या पुढचे रायडर, पुढे क्रॅशगार्डवर बॅगा आणि जेरीकॅन बांधणारे, यांची बहुतेक वेळा हीच गत. त्यांनी स्पेसरवर थांबू नये, स्प्रिंग घ्यावी. प्रोग्रेसिव्ह की सरळ? हायपरप्रो वगैरेच्या प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग सुरुवातीला मऊ आणि नंतर घट्ट होत जातात, कधी एकटे कधी सामानासह जाणाऱ्याला त्या सोप्या. माझं स्वतःचं मत सरळ रेटच्या बाजूने आहे कारण ती पूर्ण स्ट्रोकभर सारखी वागते, डंपिंग जुळवणं सोपं जातं, पण त्यासाठी तुमचं वजन आणि सामान साधारण ठरलेलं हवं.

कार्ट्रिज किट आणि इम्युलेटर यांच्यावर थोडक्यात. रेसटेकचा इम्युलेटर म्हणजे वर सांगितलेल्या भोकांच्या जागी एक झडप, झटका आला की उघडते, म्हणून ब्रेकवर आधार आणि दगडावर मऊपणा दोन्ही मिळतं. पूर्ण कार्ट्रिज, म्हणजे फोर्कच्या आतली डंपिंगची यंत्रणाच बदलणं, त्याहून चांगलं, पण खर्च पाच आकड्यांत आणि बसवणारा माणूस जाणकार हवा. ज्याला हीच गाडी अजून पाच वर्षं चालवायची आहे आणि ज्याने सॅग आधीच बरोबर केलाय त्यानेच तिकडे जावं.

आता क्लिकवाली गाडी. २०२५ च्या ३९० अॅडव्हेंचरला ४३ मिमीचा डब्ल्यूपी एपेक्स फोर्क, २०० मिमी ट्रॅव्हल, कंप्रेशन आणि रिबाउंड दोन्हीला ३० क्लिक. डावीकडच्या पायात कंप्रेशन, उजवीकडे रिबाउंड, वरच्या कॅपवर हाताने फिरतं. म्हणजे जे आम्ही ऑइल काढून, मोजून, परत भरून अर्ध्या दिवसात करत होतो त्यातलं बरंचसं मित्र घोटीच्या चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या करतो, आणि मुख्य म्हणजे कंप्रेशन न बदलता नुसतं रिबाउंड बदलतो, जे ऑइलने कधीच जमत नाही. हा फरक खरा आहे आणि मोठा आहे. हीरोची एक्सपल्स २०० ४व्ही प्रो पण अॅडजस्टेबल फोर्कची आहे, २५० मिमी ट्रॅव्हल, पण ती उंच गाडी आहे, पाय टेकतात का ते शोरूममध्ये बूट घालून बघा. हिमालयन ४५० ला मात्र शोवाचा ४३ मिमी यूएसडी (उलटा फोर्क, जाड नळी वर आणि चकचकीत पाईप खाली) आहे, ट्रॅव्हल २००, फोर्क ४११ पेक्षा मजबूत आणि डंपिंग कितीतरी सरस, तरी समोर क्लिक नाहीत, म्हणजे नुसत्या अॅडजस्टमेंटसाठी ४११ वरून ४५० वर जाणार असाल तर ती मिळणार नाही.

आणि क्लिक काय करत नाहीत तेही ऐका. ते वजन उचलत नाहीत. मित्र ९८ किलोचा, त्याने कंप्रेशन पार घट्ट केलं तरी लांबच्या उतारावर नाक खालीच, कारण समोर प्रीलोडचा स्क्रू नाही आणि सॅग स्प्रिंगनेच ठरतो. म्हणजे जाड रायडरला केटीएम घेऊनही स्प्रिंग लागू शकते, हे विकत घेतानाच धरून चला. वापरायची पद्धत अशी, आधी घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करा (जोर लावला तर सुईची सीट खराब होते), किती क्लिक झाले ते मोजून मोबाईलमध्ये लिहा, ही तुमची जुनी सेटिंग, हरवू नका. मग मॅन्युअलच्या आकड्यावर या आणि एकाच रस्त्याचा दोन-तीन किलोमीटरचा तुकडा पुन्हा पुन्हा चालवा, एका वेळी एकच गोष्ट, दोन-दोन क्लिक. सलग खडबडीत मुरमावर गाडी पुढून हळूहळू बसत जाते आणि कडक होते? रिबाउंड खूप बंद आहे, उघडा. खड्ड्यानंतर हँडल वर फेकलं जातं? रिबाउंड बंद करा. सुट्या दगडावर चाक टप्पे खातं पण आपटत नाही? कंप्रेशन उघडा. अर्ध्याहून जास्त लोक कंप्रेशनशीच खेळतात आणि दोष रिबाउंडचा असतो, असं माझं निरीक्षण.

यातलं काहीही करण्याआधी टायरची हवा बघा आणि मागचा प्रीलोड बघा. डबलसीट आणि दोन पॅनिअर (मागच्या बाजूच्या बॅगा) लावून मागचा शॉकअप तसाच ठेवला की गाडी मागे बसते, पुढचं चाक हलकं होतं, वळणात बाहेर पळते आणि माणूस शिव्या फोर्कला देतो. पंक्चर काढल्यावर चाक परत बसवताना एक्सलचा पिंच बोल्ट ढिला ठेवून फोर्क चार-पाच वेळा दाबायचा आणि मगच कसायचा, नाहीतर दोन पाय एकमेकांना अडकून फोर्क सुक्यासारखा चालतो. सील गळत असेल तर आधी कॅमेऱ्याच्या जुन्या फिल्मची पट्टी फिरवून आतली माती काढा, बऱ्याचदा तेवढ्यानेच थांबतं, नाही थांबलं तर बदला, विशेषतः यूएसडीत, तिथे सील खाली असतं आणि ऑइल ओघळून ब्रेकच्या डिस्कवर जाऊ शकतं.

मग कोणी काय घ्यावं. गिअरसकट ८५ च्या आत, एकटे, घाट आणि अधूनमधून कच्चा रस्ता: ताजं ऑइल, बरोबर लेव्हल, लागला तर स्पेसर, गाडी विकू नका. ८५ ते १००: तेच करा, पण फ्री सॅग २० च्या खाली गेला तर स्प्रिंगसाठी पैसे बाजूला काढा. शंभरीच्या वर किंवा कायम सामान: थेट स्प्रिंग आणि ऑइल एकत्र, एकाच वेळी फोर्क उघडा. आणि जो शनिवारी हायवेवरून जातो, रविवारी दगडात उतरतो, ज्याला प्रत्येक रस्त्याला गाडी वेगळी वागलेली हवी आणि स्क्रू फिरवून लिहून ठेवायची आवड आहे, त्याने क्लिकवालीच घ्यावी, त्याचे पैसे वाया जाणार नाहीत. आवड नसेल तर ते ३० क्लिक शोरूममधून जसे आले तसेच राहतात, मी अशा तीन गाड्या बघितल्यात.

भावाची ४११ आता त्याच्याकडेच आहे, जुलैत स्पितीला निघतोय, ग्रांफू ते बातल तो तुकडा त्याच्या डोक्यात बसलाय. त्याला एवढंच सांगितलंय की फोर्कच्या पाईपवरचा केबल टाय काढू नको, दर संध्याकाळी तो कुठपर्यंत सरकला ते बघ आणि परत खाली आण, आणि काझाला सकाळी थंडीत ऑइल घट्ट असताना फोर्क कडक वाटला तर घाबरून काही उघडू नको, पहिले दहा किलोमीटर सावकाश घे.