कपल्स ॲप वापरतोय: क्विझ टाळा, भांडणाचा भाग नक्की करा (5 पैकी 3)

जोडप्यांसाठीचं एक ॲप आम्ही दोघं सध्या वापरतोय. नाव लिहीत नाही, तक्रारी बऱ्याच आहेत. उघडल्या उघडल्या अटॅचमेंट स्टाईलची, म्हणजे आपण नात्यात जवळीक कशी हाताळतो याची, क्विझ येते आणि शेवटी मोठ्या अक्षरात निकाल, मी अँक्शस (सोडून जाईल अशी धास्ती असणारी), नवरा अव्हॉयडंट (जवळीक टाळणारा). झालं, मग दर वादात "तू अव्हॉयडंटच आहेस" सुरू. हेझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये बोल्बी-एन्सवर्थ या संशोधकांची लहान मुलांच्या जिव्हाळ्याबद्दलची मांडणी मोठ्यांच्या प्रेमाला लावली तेव्हा तीन कप्पे होते हे खरं, पण पुढच्या संशोधनात कप्पे मागे पडून दोन पट्ट्या आल्या, सोडून जाईल याची धास्ती किती आणि जवळीक नकोशी किती, आणि माणूस त्यावर पुढेमागे सरकतो, जोडीदार बदलला तरी सरकतो. ॲप मात्र ब्लडग्रुप सांगितल्यासारखं सांगतं.

भांडणाचा विभाग मात्र खरंच भारी. एकजण मागे लागतो, दुसरा गप्प होतो, तो गप्प झाला की पहिल्याचा आवाज अजून चढतो, हे आमच्याकडे रोजचंच. ॲप दोघांना वेगवेगळं लिहायला लावतं की त्या वेळी आत काय चाललं होतं. नवऱ्याने लिहिलं, "काहीही बोललो तरी वाढणारच." एवढं तो समोर बसून कधी बोलला नसता. मग ब्रेकचं बटण आहे. जोडप्यांवर संशोधन करणारे गॉटमन सांगतात की नाडी मिनिटाला 100 च्या वर गेली की समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही, निदान 20 मिनिटं थांबा, तेवढाच टायमर लागतो, आणि जो थांबला त्याला परत कधी बोलणार ते टाकावंच लागतं. ही अट ज्याने घातली त्याला सलाम, कारण माझ्यासारखीला वेळ न सांगता उठून जाणं म्हणजे सोडून जाणंच वाटतं. (त्याच टायमरमध्ये "आज जोडीदाराला मिठी मारलीत का?" असं नोटिफिकेशन येतं, ते कृपया बंद करा.)

कमिटमेंटचा भाग अगदीच पोकळ. आठवड्याचा आनंदाचा स्कोअर घसरला की कमिटमेंट लाल. मानसशास्त्रज्ञ रस्बल्ट यांच्या कमिटमेंटच्या मॉडेलमध्ये समाधानासोबत बाहेर पर्याय काय आहेत आणि नात्यात किती गुंतवलंय हेही मोजतात, म्हणून तर वैतागलेली माणसंही टिकून राहतात.

आणि घरात धाक किंवा मारहाण असेल तर हे ॲप नको, थेट मदत घ्या. ही सूचना त्यांनी पार तळाशी बारीक अक्षरात टाकलीय, ती पहिल्या स्क्रीनवर हवी.

क्विझ स्किप करता येते, बटण वरच्या कोपऱ्यात फिकट रंगात आहे, पटकन दिसत नाही.