तांब्याच्या टाकीचा २५ लिटरचा गिझर: आठ महिन्यांनंतर

गेल्या आठवड्यात अमरावतीला बारशाला गेले होते. परत आले तर गिझरच्या वॉल्वच्या (टाकीतला जादा दाब बाहेर सोडणारी झडप) तोंडाला टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून प्लग, म्हणजे बूच, ठोकलेला. आमच्या ह्यांनी कौतुकानं दाखवला. "बघ, एकदाचं बंद झालं टपकणं. दीडशे रुपयांत!" तिसऱ्या दिवशी शॉवरचा गरम पाण्याचा नळ गळायला लागला, जो आजवर कधी गळला नव्हता. म्हणून हे लिहायला बसले.

आधी जुन्याचं सांगते, कारण तुलना त्याच्याशीच आहे. नागपुरात मानेवाड्याचं घर बांधलं तेव्हाचा तो गिझर, आतून कल्हई केलेली तांब्याची टाकी. २३ वर्षांत तीन एलिमेंट (पाणी तापवणाऱ्या कॉइल) गेले, दोन थर्मोस्टॅट गेले, टाकी ठणठणीत. मग एका सकाळी खालून पाणी झिरपताना दिसलं. आमच्याकडे अर्धं पाणी महापालिकेचं आणि अर्धं बोअरचं, गच्चीवरच्या एकाच टाकीत. बोअरचा चुना तळाशी थरावर थर बसतो आणि त्या थराखाली तांब्याला बारीक खड्डे पडतात. भोक सुईच्या टोकाएवढं होतं. इतवारीतल्या एका कारागिरानं डाख देऊन दिला, चार महिने चाललं, मग दोन बोटांवर दुसरं भोक. तो म्हणाला, "काकू, खालचा पत्रा चाळणी झाला. एकीकडं डाख दिला का दुसरीकडून फुटते. मोडीत काढा आता."

मोडीवरून आठवलं. दुकानदार एक्सचेंजमध्ये ८०० रुपये देत होता. मी घरीच बाहेरचा पत्रा काढून टाकी मोकळी केली, मोडवाल्याच्या काट्यावर ४ किलो ७०० ग्रॅम भरली. ५६० रुपये किलोनं २,६३२ रुपये आले. तुमचाही जुना गिझर तांब्याचा असेल तर एक्सचेंजमध्ये देऊ नका, एवढं तरी ऐका.

नवा घेताना दुकानदार काचेचा थर असलेल्या टाकीवरच अडून बसला होता. तीही वाईट नाही. पण ती मुळात लोखंडाची, आणि तिला वाचवायला आत मॅग्नेशियमचा रॉड असतो, तो स्वतः झिजून टाकी वाचवतो. दर दोनतीन वर्षांनी तपासून बदलायचा असतो. मला एक घर दाखवा जिथे तो बदलला जातो! तांब्याला त्या रॉडची गरज नाही. म्हणून तीन हजार जास्त देऊन तांब्याचाच घेतला. नवी टाकी जुनीपेक्षा हलकी वाटते, हा सल मात्र आहे.

आता मुद्दा. पहिल्याच सकाळी वॉल्वमधून टप टप सुरू. तक्रार केली, सर्व्हिसवाला आला, वॉल्व बदलला, ३५० रुपये घेतले (वॉरंटीत असून!). टपकणं तसंच. पुन्हा बोलावला तर म्हणे, "काकू, हे असंच राहते." मी त्याला काय काय सुनावलं ते इथे लिहीत नाही. जानेवारीत मी या गिझरला एक स्टार दिला असता.

मग एका सुट्टीच्या दिवशी हट्टानं मोजलं. सगळे नळ बंद, थर्मोस्टॅट ६० वर, खाली मापाची बाटली. दिवा विझेपर्यंत ३५ मिनिटं लागली आणि बाटलीत जमलं ३४० मिलिलिटर. हे गळणं नव्हतंच. पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेलं की दीड टक्का फुगतं, २५ लिटरचा दीड टक्का म्हणजे ३७५ मिलिलिटर. थोडी जागा टाकी फुगून देते, बाकीचं पाणी कुठे तरी जायलाच हवं. जुन्या गिझरवर गच्चीपर्यंत एअर पाइप होता, फुगलेलं पाणी मुकाट्यानं त्यात चढायचं. शॉवरला जोर यावा म्हणून आम्ही मध्यंतरी पंप बसवला, तेव्हापासून तो पाइप गच्चीवर कारंजं उडवायचा. नव्या गिझरच्या वेळी प्लंबरनं तो बंद केला. नव्या वॉल्वमध्ये पाणी उलटं जाऊ नये अशी झडपही असते, म्हणजे मागे जायची वाटही बंद. उरला तो हाच थेंब.

लीड्सला असलेला भाचा म्हणाला, तिकडे अशा बंद टाकीला फुगवट्यासाठी वेगळा डबा जोडतात आणि वॉल्वच्या नळीत एक उघडं नरसाळं बसवतात, पाणी पडतंय हे डोळ्यांना दिसावं म्हणून. आमच्याकडे ते लपवायला प्लग!

मार्चनंतर टपकणं थांबलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आपोआप बरा झाला." बरा कसला? गच्चीच्या टाकीतलं पाणीच इतकं तापायचं की गिझर बंद होता. जुलैच्या पावसात आंघोळीला पुन्हा लावला आणि थेंब परत आले, आणि त्यांच्यामागोमाग तो प्लग.

प्लग लावला की फुगलेलं पाणी सगळ्यात कमकुवत वॉशर शोधतं, आमच्या शॉवरनं तेच सांगितलं. उद्या थर्मोस्टॅट अडकला आणि पाणी उकळत राहिलं तर वॉशरवर थांबणार नाही, टाकीच फुटेल. मी पान्यानं प्लग काढला तेव्हा पाणी सुर्रकन भिंतीवर उडालं.

बाकी तक्रारी किरकोळ. तळाचा चुना मी जूनमध्ये काढून घेतला, ओंजळभर निघाला. त्यानं बिल वाढतं असं सगळे सांगतात, माझ्या मीटरवर तरी फरक दिसला नाही. उष्णता शेवटी पाण्यातच जाते. पण चुन्याखाली एलिमेंट स्वतःच भाजून जळतो, आणि वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरांत बोअरच्या पाण्याला हात वर केलेले आहेत. तेवढं दुकानातच वाचा.

आता माझे साडेतीन स्टार. अर्धा कापला तो वॉरंटीत घेतलेल्या ३५० साठी. प्लग काढताना वॉल्वचा आटा थोडा गेला आहे, नवा वॉल्व ४५० ला आहे. आमच्या प्लंबरला म्हटलं, निम्मे तू दे. तो म्हणतो, "काकू, साहेबांनीच लावायले सांगितला होता."

साहेबांच्या पाकिटातून वळते करून घेणार आहे.