पोवळं झाड नाही, दगड नाही आणि विरजण तर नाहीच नाही (४ स्टार)

आधीच सांगते, हे पुस्तक पोरांच्या हातात देऊन आपण भाजी चिरायला निघून जायचं असा प्लॅन असेल तर घेऊ नका, साडेचारशे रुपये पाण्यात. आमची लेक साडेचार वर्षांची, पहिल्या दिवशी एकटीने दोन मिनिटांत सगळी पानं चाळली, "मासे आहेत" म्हणाली आणि पुस्तक गेलं सोफ्याखाली. रात्री मी मांडीवर घेऊन बसले तेव्हा तेच पुस्तक पाऊण तास चाललं आणि आम्ही सातव्या पानाच्या पुढे गेलोच नव्हतो. तेव्हापासून दीड महिना झाला, रोज हेच, मला आता झोपेतही पाठ आहे.

पुस्तक मोठं आहे, जाड पुठ्ठ्याची पानं, चित्रं एकदम भारी. गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफची, रीफ म्हणजे पोवळ्यांनी समुद्रात बांधलेला खडक. एक छोटं पोवळं तिथे कसं चिकटतं, कसं वाढतं, शेजारी कोण कोण राहतं असं सगळं. २३०० किलोमीटर लांब असं लिहिलंय, आता पोराला २३०० काय कळणार, मी म्हटलं आपला महाराष्ट्राचा अख्खा समुद्रकिनारा शाळेत ७२० किलोमीटर शिकलो होतो, तसे तीन ठेवले तरी ती रीफ उरते. तिला तेही कळलं नाही पण बाबांना कळलं.

पुस्तकातलं सगळ्यात चांगलं काय तर पोवळं हा प्राणी आहे हे दुसऱ्याच पानावर ठणकावून सांगितलंय. खरं सांगायचं तर मलाच हे नीट माहीत नव्हतं, मी आपली समुद्रातलं झाड समजत होते. एक एक पॉलिप (पोवळ्यातला एकेक जीव) म्हणजे छोटीशी पिशवी, वर तोंड, तोंडाभोवती बोटं, खाली स्वतःच बांधलेलं चुन्याचं घर. खायचं त्याच तोंडाने आणि घाण टाकायची तीही त्याच तोंडाने!! हे वाचल्यावर घरात जी "शीऽऽऽ" झाली ती शेजारच्या काकूंनी ऐकली असणार. आता रोज रात्री मूठ मिटायची, लाइट घालवला की बोटं उघडून हलवायची (बरीच पोवळी रात्रीच बोटं बाहेर काढून शिकार करतात) आणि माझ्या नाकाला पकडायचं, हा खेळ पुस्तकात नाही, आमचा आम्ही काढलाय.

पॅरटफिश नावाच्या माशाचं पान पण हिट. तो पोवळ्याचा खडक कुरतडतो आणि मागून बारीक पांढरी वाळू सोडतो, म्हणजे परदेशातल्या त्या फोटोतल्या पांढऱ्याशुभ्र बीचवरची बरीचशी वाळू म्हणजे काय ते कळलं ना. एवढ्या एका पानासाठी पैसे वसूल, पोरांना अजून काय पाहिजे.

अंडी सोडण्याचं पान माझं आवडतं. पौर्णिमेनंतर काही रात्रींनी तिथली कितीतरी जातींची पोवळी एकदमच अंडी सोडतात, चित्रात गुलाबी साबुदाणा वर वर तरंगत जातोय असं दिसतं. लेक आता गॅलरीत जाऊन चंद्र बघून येते आणि विचारते आज का.

आता तक्रारी, आणि त्या आहेतच.

एक तर भाषा. भाषांतर कोणी केलंय माहीत नाही पण त्यांना घरात लहान मूल नसावं. "सहजीवी शैवालांच्या निष्कासनामुळे प्रवाळांचे विरंजन होते." अहो चार वर्षांच्या पोराला!! लेकीने विरंजन ऐकलं आणि विचारलं, "आई, त्याचं दही लावतात?" तिला विरजण ऐकू आलं, आणि पुढच्या पानावर सगळं पांढरं पडलेलं, त्यामुळे तिची तर खात्रीच पटली. दोन दिवस मी हसत होते. मग मी ते वाक्य वाचायचं सोडूनच दिलं आणि आपलं आपण सांगायला लागले की पोवळ्याच्या अंगात बारीक बारीक शेवाळ भाडेकरू म्हणून राहतं, भाडं म्हणून उन्हात बसून स्वयंपाक करतं आणि घरमालकाला डबा देतं, रंगही बराचसा त्यांचाच. पाणी तापलं, म्हणजे नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादाच डिग्री जास्त पण काही आठवडे तसंच राहिलं, की मालक भाडेकरूंना हाकलतो आणि मग डबाही बंद, रंगही गेला, आतलं पांढरं हाड दिसायला लागतं. एका डिग्रीने काय होतं असं तिने विचारलं नाही, कारण तिला ताप आलेला तेव्हा थर्मामीटर बघितलाय.

दुसरी तक्रार मोठी आहे. त्या पानावर एक पट्टी आहे, ओढली की रंगीत रीफ पांढरी होते, आयडिया एक नंबर. पण खाली लिहिलंय "आणि सारे प्रवाळ मरण पावले". चूक आहे हे! पांढरं पडलं म्हणजे लगेच मेलं असं नसतं, उपाशी असतं, पाणी वेळेत गार झालं तर शेवाळ परत येतं आणि पोवळं सावरतं, उशीर झाला तर मात्र मरतं. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं ग्रेट बॅरियर रीफवर हे झालं, तेव्हा खूप पोवळी मेली हे खरंय, पण सगळी नाही. माझी पोर त्या पानावर रडली हो. मी तिथे पांढरा कागद चिकटवून "उपाशी आहेत" असं पेनाने लिहिलंय. ती पट्टी आता ती स्वतः उलटी ढकलते, म्हणते पाणी गार झालं.

तिसरं म्हणजे शेवटचा नकाशा. ऑस्ट्रेलिया तेवढं रंगवलंय, भारत नुसता करडा. मराठीत छापताना कोणाला वाटलं नाही का की लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचं आखात, कच्छचं आखात ही नावं टाकावीत? आणि आपलं मालवण! आम्ही स्केचपेनने ठिपके दिले. विजयदुर्गपासून साधारण १०५ किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक म्हणून पाण्याखालचं पठार आहे, तिथेही पोवळी आहेत आणि नाव कान्होजी आंग्र्यांवरून, हे कळल्यावर आमचे हे एकदम पेटले, त्या रात्री पोवळी राहिली बाजूला आणि आरमाराची गोष्ट झाली. मात्र एक सांगते, यांनी मालवणला स्नॉर्केलिंग केलंय, तिथे पुस्तकासारखं गुलाबी जांभळं काही दिसलं नाही, पाणी गढूळ आणि पोवळी बहुतेक तपकिरी. तपकिरी म्हणजे आजारी नव्हे, तो त्या भाडेकरूंचाच रंग. पुस्तकात एकही तपकिरी पोवळं नाहीये, हे काही बरोबर नाही.

आता खरी गंमत. सासूबाईंच्या बोटात मंगळाचं पोवळं आहे, लाल, सोन्यात. पुस्तकात पोवळं हाडाचं घर बांधतं हे वाचल्यावर लेक थेट आजीकडे. "आजी, तुझ्या बोटात कोणाचं हाड आहे?" मी जागच्या जागी गार. आई म्हणाल्या, "हाड नाही गं, मंगळ आहे." "मंगळाचं हाड?" शेवटी तिघी बसलो, मी सांगितलं की अंगठीतलं लाल पोवळं वेगळ्या जातीचं, भूमध्य समुद्राकडचं, रीफ बांधणारं नाही, पण तेही प्राण्यानेच केलेलं. आई बराच वेळ अंगठी फिरवत बसल्या. काढली नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर पुस्तक त्यांच्या मांडीवर आणि नात शेजारी, आणि आईंचं वाचन माझ्यापेक्षा हळू, दर पानाला "आता काय होईल सांग बघू" असं थांबत. याला डायलॉजिक रीडिंग म्हणतात म्हणे, १९८८ साली अमेरिकेत व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर अभ्यास छापलाय. आईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग दुसरं कसं वाचतात?"

हां, आणि तारकर्लीला जाणार असाल तर पोरांना आधीच सांगून ठेवा, समुद्रातलं पोवळं तोडायचं नाही, आपल्याकडे त्याला वाघासारखंच कायद्याचं संरक्षण आहे.

एक स्टार भाषांतर, ते चुकीचं वाक्य आणि नकाशा मिळून कापलाय. डिलिव्हरीत एक कोपरा दुमडून आला होता, ते चालतं. पण ती ओढायची पट्टी आठव्या दिवशी अर्धी फाटली, सेलोटेपवर चालू आहे. सेलर, तेवढं एक पान वेगळं मिळतं का? मिळत असेल तर खाली रिप्लाय द्या प्लीज, आमच्याकडे रोज रात्री पाणी गार करायचं असतं.