आठ इंची डॉब्सोनियनवर जुन्या-नव्या रचनांचे आयपीस: काही महिन्यांच्या वापरानंतर

पावसाळा सरून आकाश मोकळे झाल्यापासून १२०० मिमी नाभीय अंतराच्या एफ/६ (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या सहापट) डॉब्सोनियनवर, म्हणजे साध्या बैठकीवर हाताने फिरवायच्या आरशाच्या दुर्बिणीवर, मी हायगेन्स, केलनर, प्लॉसल, आबे ऑर्थोस्कोपिक आणि नॅग्लर धर्तीचा ८२ अंश दृष्टिक्षेत्राचा असे आयपीस (डोळ्याकडचे, बदलता येणारे भिंगसंच) आलटूनपालटून वापरत आहे. त्यातून झालेले मत असे की, ग्रहांसाठी आबेची १८८० सालची रचना आजही हातची सोडू नये आणि हायगेन्सची १७व्या शतकातली मात्र एफ/६ वर लावू नये.

हायगेन्सने १६६०च्या दशकात दोन भिंगे त्यांच्या नाभीय अंतरांच्या बेरजेच्या निम्म्या अंतरावर बसवून, एकाच प्रकारच्या काचेतून, कडेची रंगीत झालर बरीचशी घालवली. त्या काळच्या प्रचंड लांबीच्या दुर्बिणींना तेवढे पुरत होते. माझ्या दुर्बिणीत तारा मध्यापासून जरा सरकला की पसरतो. हायगेन्स आयपीसमध्ये भिंगे चिकटवलेली नसल्यामुळे सूर्याची प्रतिमा कागदावर पाडताना उष्णतेने चिकटद्रव्य बिघडण्याची भीती नसते, म्हणून लहान अपवर्तक दुर्बिणीवर त्या एका कामासाठी तो ठेवला आहे. जर्मनीतल्या व्हेत्स्लारच्या केलनरने १८४९ मध्ये रॅम्सडेनच्या दोन साध्या भिंगांच्या रचनेत डोळ्याकडचे भिंग दुहेरी, अवर्णक (रंगदोष घालवणारे) केले. किमतीच्या मानाने प्रतिमा स्वच्छ असते, पण आतले भिंग प्रतिमेच्या प्रतलाजवळ असल्याने त्यावरचा धुळीचा कणही चंद्रबिंबावर उठून दिसतो.

व्हिएन्नाच्या प्लॉसलची १८६०ची रचना, म्हणजे समोरासमोर ठेवलेली दोन अवर्णक जोडभिंगे, हौशी निरीक्षकांमध्ये खऱ्या अर्थाने रुळली ती शंभराहून अधिक वर्षांनी. माझा २५ मिमीचा प्लॉसल ४८ पट वर्धनाला सुमारे एक अंश आकाश दाखवतो आणि वस्तू शोधायला रोज तोच लागतो.

येनाच्या अर्न्स्ट आबेने तीन चिकटवलेल्या भिंगांपुढे एक एकेरी भिंग ठेवून साधलेली रचना मला सर्वांत आवडली. सहा मिमीच्या ऑर्थोमध्ये २०० पट वर्धनाला, हवा स्थिर असेल तेव्हा, गुरूच्या पट्ट्यांच्या कडांवरचे बारीक बाक आणि चकतीवरून सरकणारी उपग्रहाची छाया कोरल्यासारखी दिसते. मात्र डोळ्याला भासणारे दृष्टिक्षेत्र जेमतेम ४२ अंश, म्हणजे २०० पटीला प्रत्यक्ष आकाशाची सुमारे साडेबारा कलामिनिटे (कलामिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). मोटर नसलेल्या दुर्बिणीत ग्रह पन्नासेक सेकंदांत एका कडेकडून दुसऱ्या कडेला जातो आणि नळी सतत ढकलावी लागते. शिवाय डोळा काचेपासून पाचेक मिलिमीटरवर न्यावा लागत असल्याने पापण्या भिंगाला घासतात. चष्मा लावून पाहण्याचा तर प्रश्नच नाही.

नेमकी हीच अडचण अल नॅग्लरने १९७९ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेने पुष्कळ हलकी केली. प्रकाशाच्या वाटेत पुढे ऋण (प्रकाश पसरवणाऱ्या) भिंगांचा गट ठेवल्यामुळे कमी नाभीय अंतरातही डोळ्याला जागा मिळते आणि क्षेत्र ८२ अंशांपर्यंत जाते. अर्थात भिंगे वाढली की पृष्ठभागही वाढतात: लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो, त्यामुळे आठ पृष्ठभागांत चौथाईहून अधिक प्रकाश वाया गेला असता. झाइस या जर्मन कंपनीत स्माकुलाने १९३५ मध्ये परावर्तनरोधक लेपाची वाट काढली नसती, तर अशा रचना कागदावरच राहिल्या असत्या, असे मला वाटते. माझ्या १३ मिमीच्या आयपीसमधून मृगातला तेजोमेघ जवळजवळ अख्खा दिसतो, मात्र डोळा किंचित हलला की घेवड्याच्या दाण्यासारखी काळी सावली मध्ये येते, आणि वजनाने नळीचे तोंड खाली झुकते. नळीच्या मागच्या टोकाला चुंबकी वजन लावावेच लागले.

कोकणच्या दमट हवेत ही सर्व काच बुरशीला बळी पडते, म्हणून पावसाळ्यात मी ती हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवतो. जुना ऑर्थो किंवा प्लॉसल विकत घेताना आतून टॉर्चचा तिरपा प्रकाश टाकून भिंगांच्या सांध्यात धुरकट कडा किंवा जाळी दिसते का, ते पाहावे. दिसल्यास तो नग कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये, कारण चिकटवलेली भिंगे घरी उकलून साफ करता येत नाहीत.