अंदमान: आख्खी बोट की सीटवाली?

आर्वी-पुलगावकडची मंडळी अंदमानला निघाली की, बेटांवर फिरायला आख्खी बोट भाड्यानं घ्यायची की माणशी तिकिटाच्या सीटवाल्या बोटीत बसायचं, हा प्रश्न येतोच.

आख्ख्या बोटीचं भाडं माणशी नसते, फेरीचं असते; आठ-दहा जण असाल तरच परवडते. डिझेल आणि थांबायचा वेळ भाड्यात धरला का, ते आधीच ठरवा.

सीटवाल्या बोटीनं गेलं तर रॉस (आता नेताजी सुभाषचंद्र बोस बेट), नॉर्थ बे अशा फिरायच्या ठिकाणी वेळ झाली की उठावंच लागते. डिसेंबरात तिथं पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून कोणतीही घ्या, सकाळीच निघा.

मळमळ दोन्हीत. पुढचं टोक जास्त आदळते, अगदी मागं धूर लागतो, मधात बसा. लाइफ जॅकेट खांद्यावर धरून वर ओढा, कानापर्यंत सरकलं तर बदलून घ्या.

म्हातारे, लेकरं सोबत असतील तर आख्खी. दोघंच असाल तर सीटवाली.