खड्डे बुजले का? निम्मे म्हणा

कॉलेजात पिंपल्स फोडायची सवय होती, त्याची शिक्षा गालांवर दहा वर्षं मिरवली. शेवटी पुण्यात कर्वे रस्त्यालगतच्या एका स्किन क्लिनिकमध्ये मायक्रोनीडलिंग आरएफची (बारीक सुया टोचून त्वचेच्या आत रेडिओलहरींची उष्णता द्यायची) चार सेशन्स केली, दर सहा आठवड्यांनी एक. आधी पाऊण तास भूल देणारं क्रीम. तरी कपाळाच्या हाडावर सुया आल्या की डोळ्यांत पाणी येतंच. दोन-तीन दिवस तोंड टोमॅटोसारखं लाल, आई म्हणाली, "पैसे देऊन भाजून घेतलंस का गं?"

गालावरचे पसरट, उथळ खड्डे बरेच भरले. नाकाजवळचे सुईने टोचल्यासारखे खोल मात्र जसेच्या तसे. त्यांना टीसीए क्रॉस लागतं, म्हणजे प्रत्येक खड्ड्यात तीव्र ॲसिडचा थेंब. हे डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्या सेशनला सांगितलं, पॅकेजचे पैसे भरून झाल्यावर! राग तिथेच आहे. बाकी बाई हाताला हलक्या. आपल्या सावळ्या कातडीवर डाग उमटतात म्हणून लेझरचा आग्रह धरला नाही, सनस्क्रीनसाठी मात्र दरवेळी दम भरला. पाचपैकी साडेतीन. लग्न पंधरा दिवसांवर असेल तर जाऊ नका, फरक दिसायला महिने लागतात.