खाऱ्या पाण्याची पहिली टाकी: पंखा की चिलर, आणि बाकीचं सामान

गोड्या पाण्यात चार-पाच वर्षं गप्पी आणि एंजल सांभाळून झाले की एक दिवस दुकानात क्लाउनफिश दिसतो आणि माणूस विचारतो, "फिल्टर कुठला घेऊ?" माझ्या मते हा प्रश्न तिसरा. आपल्याकडे पहिला प्रश्न उन्हाळ्याचा आणि दुसरा पाण्याचा.

दोन फुटी की तीन फुटी?

2 × 1 × 1 फुटाच्या टाकीत साधारण 56 लिटर पाणी मावतं, 3 × 1.5 × 1.5 फुटाच्या टाकीत 190. लहान टाकी सोपी, असं नवख्याला वाटतं. खरं तर उलट आहे. एखादा मासा दगडामागे मरून राहिला, तर तो कुजताना सुटणारा विषारी अमोनिया मोठ्या टाकीत तिपटीहून जास्त विरळ होतो आणि तुम्हाला सावरायला वेळ मिळतो. तीन फुटीचं वजन मात्र दगड, काच, स्टँड धरून अडीचशे किलोच्या वर जातं, त्यामुळे जागा आधी ठरवा. भाड्याचं घर असेल आणि दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलत असेल, तर दोन फुटीच बरी. फक्त त्यात दोन छोट्या माशांवर हात आवरा.

पंखा की चिलर?

निम्मा निर्णय इथेच होतो: साधा पंखा, की पाणी थंड करणारं यंत्र, म्हणजे चिलर. पाणी 24 ते 27 अंशांत राहायला हवं, आणि मे महिन्यात बंद फ्लॅटमधली खोलीच 32-33 वर असते. वर पंप आणि दिव्यांची उष्णता आहेच.

पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालतो, पाण्याची वाफ होते आणि ती उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 580 किलोकॅलरी लागतात. 190 लिटरचं तापमान तीन अंशांनी उतरायला तेवढ्या पुरेत. पण हे गणित हवेच्या कोरडेपणावर चालतं. पुणे, नाशिक, नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पंखा चांगलं काम करतो. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजीच्या दमट हवेत, जिथे टॉवेलसुद्धा वाळत नाही, तिथे टाकीतलं पाणी तरी कुठून वाळणार? पंख्याची दुसरी बाजू अशी, की वाफ गोड्या पाण्याची होते, मीठ मागेच राहतं. म्हणून रोज गोडं पाणी घालून पातळी भरून काढावी लागते. गावाला जाणाऱ्यांनी पाणी आपोआप भरणारं ऑटो टॉप-ऑफ पंख्याच्या जोडीनेच घ्यावं.

चिलर महाग, आवाज करणारा आणि विजेचं बिल वाढवणारा. पण हवा कशीही असो, तो आकडा धरून ठेवतो. मी माझा पहिला चिलर दिसायला नको म्हणून टाकीखालच्या बंद कपाटात बसवला. तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत राहिला, आणि दोन दिवसांनी पाणी आधीपेक्षा गरम. चिलरला मोकळी हवा लागते. कोकण किनाऱ्यावर राहत असाल तर आधी त्याचे पैसे बाजूला काढा, उरलेल्यात टाकी बसवा. घाटावर पंख्याने सुरुवात करा; तिथे डिसेंबरच्या रात्रींसाठी हीटर लागेल, जो मुंबईत बहुधा खोक्यातच पडून राहतो.

पाणी आणि मोजमाप

"समुद्र तर समोरच आहे, कॅन भरून आणू का?" जुहूचं पाणी एकदा नीट पाहा आणि उत्तर स्वतःच द्या. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा खारटपणाही घटतो. मत्स्यालयासाठीचं तयार मीठ घ्या, लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम. खायचं मीठ चालत नाही, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचा मेळ नसतो.

हे मीठ कालवायचं पाणी घरच्या आरओचं की आरओ-डीआयचं, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षारही रेझिनने काढलेलं? घरच्या बऱ्याच आरओंमध्ये चवीसाठी खनिजं परत मिसळणारं काडतूस असतं, आपल्याला नेमकं तेच नको. त्याच्या आधीच्या टप्प्यातून पाणी काढून पुढे डीआय रेझिनचं काडतूस जोडलं, तर टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शून्यावर येतो आणि वेगळं यंत्र घ्यावं लागत नाही.

खारटपणा मोजायला तरंगता हायड्रोमीटर स्वस्त, पण त्याला बुडबुडे चिकटले की तो चुकतो. रिफ्रॅक्टोमीटरच घ्या, सोबत 35 पीपीटीचं (हजारात 35 भाग मीठ) द्रावण घेऊन अधूनमधून जुळवून पाहा. विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास राहू दे.

कॅनिस्टर की स्किमर?

गोड्या टाकीतला कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) घरात असतो, म्हणून तोच लावायचा मोह होतो. त्यात अडकलेला गाळ कुजत राहून नायट्रेट वाढवतो. दर आठवड्याला उघडून धुणार असाल तरच वापरा. स्किमर खाऱ्या पाण्यातले बारीक बुडबुडे वर नेऊन घाण कुजण्याआधीच फेसातून बाहेर काढतो. तीन फुटीला सम्प (खालची जोडटाकी) आणि त्यात स्किमर, दोन फुटीला काठावर टांगायचा.

दिवे आणि दगड

दिव्यांवर पहिल्या वर्षी पैसे घालू नका. माशांना साधा एलईडी पुरतो, प्रवाळांचे निळे दिवे महाग असतात. भारतीय प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, समुद्रघोड्यांनाही. म्हणून समुद्रातून काढलेला "लाइव्ह रॉक", म्हणजे जीवजंतू बसलेले प्रवाळांचे तुकडे, कुणी स्वस्तात देऊ केला तर नको म्हणा. कोरडा किंवा सिरॅमिक दगड घ्या आणि त्यावर अमोनिया पचवणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे थांबा.

क्लाउनफिश आपल्याकडे कृत्रिम प्रजननातूनही मिळतात. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र बसवलं आहे. दुकानदाराला मासा समुद्रातला की हॅचरीतला, हे विचारा. हॅचरीतला सहसा पहिल्या दिवसापासून दाणे खातो.

आणि वेव्हमेकर (टाकीत प्रवाह खेळवणारा पंप) निवडताना डीसीवर चालणारा निवडा. रात्री वीज गेली तर तो बॅटरीवर चालू ठेवता येतो. तेवढं जमत नसेल तर बॅटरीवरचा छोटा एअरपंप सेलसकट टाकीशेजारीच ठेवा, माळ्यावर नको.